ग्लुऑन जन्मला कधी आणि कुठे? दाट अणुकेंद्रीय पदार्थातला पार्टॉन शॉवर शिकायला सुरुवात कशी करायची

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली किंवा नुकतीच पीएचडीला लागलेली मुलंमुली अधूनमधून विचारतात, की जेट क्वेंचिंग (दाट पदार्थातून जाताना वेगवान कणांच्या झोताची एनर्जी कमी होणं) वाचायला घेतलं, पेपर उघडला, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर अर्धं पान भरून इंटिग्रल आलं आणि गाडं तिथेच अडलं, आता पुढे काय करू. प्रत्येकाला मी जवळपास तेच सांगतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढावं. सांगायचं मुख्य एकच आहे: क्वार्कमधून (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतला कण) ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणारा कण) फुटतो ते एका क्षणात होत नाही, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ माध्यमाच्या, म्हणजे ज्या दाट पदार्थातून क्वार्क चाललाय त्याच्या, आत संपला की बाहेर, यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं. हे एकदा अंगी मुरलं की ती लांबलचक इंटिग्रल्स ओळखीची वाटायला लागतात.

विषय काय आहे ते आधी दोन ओळींत. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कोलायडरमध्ये शिशाची अणुकेंद्रं एकमेकांवर आदळतात, किंवा अमेरिकेत ब्रुकहेवनच्या रिक कोलायडरमध्ये सोन्याची आदळायची, तेव्हा क्षणभर क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे मोकळ्या झालेल्या क्वार्क-ग्लुऑनचा पदार्थ, तयार होतो. त्याच टकरीत कधीकधी एक खूप जास्त एनर्जीचा क्वार्क किंवा ग्लुऑनही जन्मतो आणि त्याला या गरम, दाट पदार्थातून वाट काढत बाहेर यावं लागतं. जाता जाता तो धक्के खातो, ग्लुऑन फेकतो, फुटतो, एनर्जी गमावतो. आपल्याला हे फुटणं समजून घ्यायचंय. (क्वार्क आणि ग्लुऑन दोघांना मिळून पार्टॉन म्हणतात, खाली तोच शब्द वापरेन.)

आधी हाताशी काय हवं

फार काही नको. स्पेशल रिलेटिव्हिटीतले फोर-व्हेक्टर, क्वांटममधलं स्कॅटरिंग, आणि क्यूईडीतलं (इलेक्ट्रॉन-फोटॉनच्या क्वांटम थिअरीतलं) ब्रेमस्ट्रालुंग म्हणजे इलेक्ट्रॉनला धक्का बसला की तो फोटॉन फेकतो ते गणित एकदा तरी हाताने केलेलं असावं. क्यूसीडीतल्या (क्वार्क-ग्लुऑनच्या थिअरीतल्या) रंगाच्या, म्हणजे त्यांच्या चार्जच्या, गणितातले दोनच आकडे सुरुवातीला पुरतात: क्वार्कचा कलर फॅक्टर सी-एफ म्हणजे ४/३ आणि ग्लुऑनचा सी-ए म्हणजे ३. दोघांचं गुणोत्तर ९/४, म्हणजे ग्लुऑन हा क्वार्कपेक्षा सव्वादोन पट जास्त रेडिएट करतो. हा सव्वादोनचा आकडा तुम्हाला पुढे इतक्या ठिकाणी भेटेल की मोजणं सोडून द्याल.

आणि एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ०.१९७. एच-बार गुणिले सी म्हणजे ०.१९७ जीईव्ही-फर्मी, एक फर्मी म्हणजे १० चा उणे १५ वा घात मीटर. पेपरात सगळे एच-बार आणि सी एक धरतात, मग अंतर कधी फर्मीत असतं कधी जीईव्हीच्या व्यस्तात. मी पहिल्या वर्षी एका प्रोग्राममध्ये हे रूपांतर विसरलो होतो, एनर्जी लॉस पाचपट कमी यायचा, आणि मी आठ दिवस इंटिग्रेशनच्या रुटीनमध्ये चूक शोधत बसलो होतो. पाचपट कमी किंवा पाचपट जास्त असं उत्तर आलं की आधी ०.१९७ कुठे राहिला ते बघायचं.

पायरी १: माध्यम नसताना काय होतं ते पक्कं करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुढे अडखळतात. क्वार्क मोकळ्या जागेत असला तरी गप्प बसत नाही. जोरदार टकरीत जन्मलेला पार्टॉन लगेच ग्लुऑन फेकायला लागतो, ग्लुऑनचे दोन ग्लुऑन होतात किंवा क्वार्क-अँटिक्वार्कची जोडी होते, आणि असं फुटत फुटत (हाच पार्टॉन शॉवर) शेवटी कणांचा जो झोत डिटेक्टरमध्ये दिसतो त्याला जेट म्हणतात. १९७९ साली हॅम्बर्गच्या पेट्रा मशीनवर तीन जेटच्या घटना दिसल्या तेव्हा ग्लुऑनचा थेट पुरावा मिळाला, तो तिसरा जेट म्हणजे क्वार्कने फेकलेला ग्लुऑनच.

या फुटण्याचं गणित म्हणजे अल्टारेली-पॅरिसी स्प्लिटिंग फंक्शन, १९७७ चं. क्वार्ककडे झेड इतका वाटा राहिला आणि बाकीचा एक वजा झेड ग्लुऑनने नेला, तर संभाव्यता सी-एफ गुणिले (१ + झेडचा वर्ग) भागिले (१ - झेड). इथे थांबा आणि छेदाकडे नीट बघा. ग्लुऑनचा वाटा शून्याकडे गेला की छेद शून्याकडे जातो, म्हणजे फुटणं वाढत जातं, म्हणजेच निसर्गाला लहान, सॉफ्ट ग्लुऑन फेकायला आवडतं. तसंच कोन लहान झाला तरी संभाव्यता वाढते. सॉफ्ट आणि कोलिनिअर, हे दोन शब्द इथून आलेत.

चारही स्प्लिटिंग फंक्शन हाताने काढा, एक रविवार जाईल पण जाऊ दे. निदान क्वार्कमधून ग्लुऑन हे एक तरी काढाच.

पायरी २: फॉर्मेशन टाइम, सगळ्यात महत्त्वाची जागा

आता इथे सावकाश वाचा. क्वार्कने ग्लुऑन फेकला म्हणजे नक्की कधी फेकला? सुरुवातीला दोघं इतके जवळजवळ, एकाच दिशेने, जवळपास प्रकाशाच्या वेगाने चाललेले असतात की ते दोन आहेत की एकच हे क्वांटम मेकॅनिक्सला सांगताच येत नाही. दोघांच्या वेव्ह एकमेकांपासून पुरेशा सुटल्या की मगच ग्लुऑन स्वतंत्र झाला असं म्हणता येतं. त्याला लागणारा वेळ म्हणजे फॉर्मेशन टाइम, आणि त्याचा अंदाज अगदी सोपा आहे: दोन गुणिले ग्लुऑनची एनर्जी, भागिले त्याच्या आडव्या मोमेंटमचा वर्ग. आडवं मोमेंटम म्हणजे मूळ दिशेला काटकोनात असलेलं, त्याला के-टी म्हणतात. (काही पेपरांत तो दोन नसतो, काहींत झेडचे फॅक्टर असतात, घाबरू नका, व्याख्या तपासून घ्या.)

वहीत करून बघा. ग्लुऑनची एनर्जी ५ जीईव्ही, के-टी १ जीईव्ही. दोन गुणिले पाच भागिले एक म्हणजे १०, गुणिले ०.१९७, आले साधारण २ फर्मी. आता के-टी अर्धा करा, ०.५ घ्या, उत्तर चौपट होऊन ७.९ फर्मी. आता एनर्जी ५० आणि के-टी १ घ्या, उत्तर जवळपास २० फर्मी. शिशाच्या अणुकेंद्राचा व्यास साधारण १४ फर्मी आहे. म्हणजे हा तिसरा ग्लुऑन पूर्ण सुटेपर्यंत मागे अख्खं अणुकेंद्र संपलेलं असतं! पहिला ग्लुऑन मात्र आतच जन्मतो आणि पुढचा सगळा मार खातो.

हे तीन आकडे हाताने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका असं मी कळकळीने सांगेन, कारण पुढे ज्याला ज्याला लोक कोहेरन्स, इंटरफेरन्स, डीकोहेरन्स म्हणतात ते सगळं या एका तुलनेवर उभं आहे: फॉर्मेशन टाइम एका बाजूला आणि माध्यमातलं अंतर दुसऱ्या बाजूला.

पायरी ३: माध्यमाचे धक्के, म्हणजे क्यू-हॅट

प्लाझ्मामधून जाणाऱ्या पार्टॉनला आजूबाजूच्या कणांचे छोटे छोटे धक्के बसतात, कधी डावीकडून कधी उजवीकडून. सरासरी आडवा सरक शून्य, पण वर्गाची सरासरी अंतराबरोबर वाढत जाते, साधा रँडम वॉक. एका फर्मीत के-टीचा वर्ग किती वाढतो त्याला क्यू-हॅट म्हणतात, एकक जीईव्हीचा वर्ग प्रति फर्मी. क्यू-हॅट १ असेल तर ४ फर्मीत के-टीचा वर्ग ४ आणि के-टी २ जीईव्ही.

खरा आकडा किती? २०१४ मध्ये जेट (JET) नावाच्या संशोधक गटाने रिक आणि एलएचसीचा डेटा पाच वेगवेगळ्या मॉडेलना लावून काढला: १० जीईव्हीच्या क्वार्कसाठी, ३७० एमईव्ही तापमानाला १.२ अधिक-उणे ०.३ आणि ४७० एमईव्ही तापमानाला १.९ अधिक-उणे ०.७. सरावासाठी सरळ १ धरला तरी चालतो, म्हणून मी खाली तोच धरलाय.

इथे ज्यांनी सुरुवात केली त्यांचंही नाव घ्यायला हवं. १९८२ मध्ये ब्योर्केन यांनी फर्मीलॅबमध्ये एक प्रीप्रिंट लिहिला, त्यात पार्टॉन प्लाझ्मातून जाताना टकरींमुळे एनर्जी गमावेल आणि समोरासमोरच्या दोन जेटमधला एक विझून जाऊ शकतो ही कल्पना आहे. ती टकरींची एनर्जी लॉस होती, रेडिएशनची नव्हे. रेडिएशनचा भाग मोठा आहे हे नंतर लक्षात आलं, १९९०च्या दशकात ग्युलासी आणि वांग यांचं मॉडेल आलं, मग बायर, डॉकशिट्झर, म्युलर, पेन्ये, शिफ यांचं आणि वेगळ्या वाटेने झाखारोव्हचं काम आलं. पेपरात बीडीएमपीएस-झेड असं दिसलं की ही सगळी मंडळी.

पायरी ४: एलपीएम इफेक्ट

आता पायरी २ आणि ३ एकत्र आणायच्या. मनात येणारा सोपा हिशोब असा, की दर धक्क्याला थोडं रेडिएशन, दहा धक्के म्हणजे दहापट. हा हिशोब चुकतो.

दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा-साडेसहाला दोन माणसं हात धरून चालली आहेत असं समजा. गर्दी ढकलत असते, पण जोवर हात धरलेला आहे तोवर दोघं एकत्रच हेलकावतात. पाच धक्के बसले तरी हात एकदाच सुटणार. फॉर्मेशन टाइम संपेपर्यंत बसलेले सगळे धक्के मिळून एकच धक्का म्हणून मोजले जातात, त्यामुळे रेडिएशन साध्या बेरजेपेक्षा कमी होतं. लँडाऊ आणि पोमेरांचुक यांनी १९५३ मध्ये आणि मिग्दाल यांनी १९५६ मध्ये हे इलेक्ट्रॉन-फोटॉनसाठी दाखवलं, तिघांच्या आद्याक्षरांवरून एलपीएम, आणि १९९०च्या दशकात स्टॅनफर्डच्या स्लॅकमध्ये प्रयोगाने ते नीट मोजलंही गेलं.

पण क्यूसीडीत एक मोठा फरक आहे आणि तो मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. फोटॉनला चार्ज नसतो, तो पदार्थातून धक्के न खाता निघून जातो, डगमगतो तो इलेक्ट्रॉन. ग्लुऑनला स्वतःचा रंग असतो, तो स्वतःच धक्के खातो, किंबहुना त्याची एनर्जी कमी असल्याने क्वार्कपेक्षा जास्त तोच ढकलला जातो. म्हणजे धक्के खाऊन त्याचा के-टी वाढतो आणि के-टी वाढला की फॉर्मेशन टाइम कमी होतो, तो लवकर सुटतो. वाट बघायला लावणारं माध्यम आणि हात सोडवणारं माध्यम एकच!

हे गणितात घाला. के-टीचा वर्ग म्हणजे क्यू-हॅट गुणिले वेळ, आणि वेळ म्हणजे दोन गुणिले एनर्जी भागिले के-टीचा वर्ग. दोन समीकरणं सोडवली की वेळ येते (दोन गुणिले एनर्जी भागिले क्यू-हॅट) याचं वर्गमूळ. आकडे घाला, वर्गमुळाच्या आत ०.१९७ ने गुणायला विसरू नका: एनर्जी ५ असेल तर १.४ फर्मी. एनर्जी ४० असेल तर ४ फर्मीच्या आसपास. ४ फर्मी जाडीचं माध्यम असेल तर ४० जीईव्हीचा ग्लुऑन सुटायला अख्खं माध्यम लागतं, म्हणून या एनर्जीला ओमेगा-सी म्हणतात, क्यू-हॅट गुणिले लांबीचा वर्ग भागिले दोन (जीईव्हीत आणायला परत भागिले ०.१९७). यापेक्षा जास्त एनर्जीचे ग्लुऑन माध्यमामुळे फारसे निघत नाहीत. क्यूईडीत लहान एनर्जीचे फोटॉन दाबले जातात, क्यूसीडीत मोठ्या एनर्जीचे ग्लुऑन दाबले जातात, अगदी उलट. मौखिक परीक्षेत हा प्रश्न विचारायला लोकांना आवडतो.

पायरी ५: एनर्जी लॉसचा आकडा स्वतः काढा

बीडीएमपीएसचा ढोबळ निकाल: सरासरी लॉस म्हणजे अल्फा-एस गुणिले कलर फॅक्टर गुणिले क्यू-हॅट गुणिले लांबीचा वर्ग, भागिले ४. अल्फा-एस (क्यूसीडीतल्या बलाची ताकद सांगणारा आकडा) ०.३, क्वार्क म्हणून ४/३, क्यू-हॅट १. पहिल्या दोघांचा गुणाकार भागिले ४ म्हणजे नेमका ०.१, हिशोबाला सोयीचं. लांबी २ फर्मी असेल तर ०.१ गुणिले ४ भागिले ०.१९७, म्हणजे २ जीईव्ही. लांबी ४ केली तर ८ जीईव्ही. दुप्पट अंतर, चौपट नुकसान. ग्लुऑन असेल तर सव्वादोन पट, १८ जीईव्ही.

या वर्गाचं कारणही फॉर्मेशन टाइमच आहे. लांब माध्यमात जास्त एनर्जीचे ग्लुऑनही सुटायला वेळ मिळतो, म्हणजे संख्या वाढते आणि प्रत्येकाने नेलेली एनर्जीही वाढते. मात्र हे सगळं स्थिर विटेसारख्या माध्यमासाठी, ज्याला पेपरात खरंच ब्रिक म्हणतात. खरा प्लाझ्मा भराभर पसरतो आणि थंड होतो, त्यामुळे लांबीचा वर्ग बोथट होऊन जवळपास लांबीच्या पहिल्या घाताकडे येतो. परिषदेत कोणी वर्ग-वर्ग म्हणत असेल तर माध्यम स्थिर धरलंय की पसरतं हे विचारा.

पायरी ६: ओपॅसिटी आणि पूर्ण स्प्लिटिंग फंक्शन

वरचं चित्र भरपूर लहान धक्क्यांचं होतं. पातळ माध्यमात एक-दोनच धक्के बसतात, त्यासाठी दुसरी पद्धत आहे, ओपॅसिटी एक्सपान्शन: आधी एक धक्का मोजा, मग दोन, मग तीन. ग्युलासी, लेव्हाय, विटेव्ह यांचं २००० च्या आसपासचं काम, जीएलव्ही. त्यातल्या पहिल्या ऑर्डरच्या फॉर्म्युल्यात एक तुकडा तुम्हाला ओळखता यायला हवा: (१ वजा कोसाइन ऑफ, अंतर भागिले फॉर्मेशन टाइम). अंतर म्हणजे पार्टॉन जिथे जन्मला तिथपासून धक्का बसला तिथपर्यंत.

यात आकडे घाला म्हणजे बोलायला लागेल. फॉर्मेशन टाइम ५ फर्मी, धक्का ०.५ फर्मीवर: भागाकार ०.१, कोसाइन जवळपास १, उत्तर ०.००५. धक्का बसला पण ग्लुऑन अजून सुटलेलाच नाही, परिणाम जवळजवळ शून्य. आता फॉर्मेशन टाइम २ आणि धक्का ३ फर्मीवर: भागाकार १.५, उत्तर ०.९३. पूर्ण परिणाम. अर्ध्या पानाच्या त्या इंटिग्रलच्या पोटात हाच तुकडा बसलेला असतो, बाकी धक्क्यांची संभाव्यता आणि कोनांची बेरीज.

नवख्यांचा नेहमीचा गोंधळ इथेच होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. मीडियम-इंड्यूस्ड रेडिएशन म्हणजे माध्यमात झालेलं सगळं रेडिएशन नव्हे. एकूण रेडिएशनमधून माध्यम नसतानाही झालंच असतं तेवढं वजा केलं की उरतं ते. त्यामुळे काही कोनांत ते निगेटिव्हही येतं, आणि ते बरोबर असतं, प्रोग्राम चुकलेला नसतो.

जुन्या कामात बहुतेक ठिकाणी ग्लुऑन सॉफ्ट धरलेला असतो, म्हणजे क्वार्कचं फार काही जात नाही असं मानून. पण प्रत्यक्षात अर्धी-अर्धी वाटणीही होते आणि ग्लुऑनमधून क्वार्क-जोडीही निघते, तिथे सॉफ्ट अंदाज लंगडा पडतो. म्हणून साधारण २०११ पासून ओव्हानेस्यान आणि विटेव्ह यांनी सॉफ्ट-कोलिनिअर इफेक्टिव्ह थिअरीत माध्यमाचे धक्के ग्लॉबर ग्लुऑन (पार्टॉनला फक्त आडवा धक्का देणारे ग्लुऑन) म्हणून घातले आणि चारही स्प्लिटिंग फंक्शन झेडच्या पूर्ण पल्ल्यासाठी काढली. फायदा असा की मोकळ्या जागेतलं आणि माध्यमातलं फुटणं एकाच चौकटीत येतं, आणि एनर्जी लॉस असा वेगळा शब्द न वापरता बदललेला शॉवर म्हणून सगळं मांडता येतं. माझं मत विचाराल तर आज शिकायला लागणाऱ्याने एनर्जी लॉसपासून सुरुवात करावी कारण चित्र डोळ्यासमोर येतं, पण सहा महिन्यांत पूर्ण स्प्लिटिंग फंक्शनवर यावं, कारण आजचे जेटच्या आतल्या रचनेचे डेटा नुसत्या एनर्जी लॉसने समजत नाहीत.

पायरी ७: जड क्वार्क

ही छोटी पायरी. क्वार्कला वस्तुमान असेल तर तो स्वतःच्या दिशेच्या अगदी जवळ ग्लुऑन फेकत नाही, वस्तुमान भागिले एनर्जी एवढ्या कोनाच्या आत जागा रिकामी राहते, त्याला डेड कोन म्हणतात. २० जीईव्हीच्या बॉटम क्वार्कचा, ४.५ जीईव्ही वस्तुमान धरून, कोन ०.२२५ रेडियन म्हणजे साधारण १३ अंश येतो, चार्मचा ४ अंशांच्या आसपास. २०२२ मध्ये एलएचसीवरच्या अॅलिस प्रयोगाने प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत चार्मचा डेड कोन थेट दाखवला. माध्यमात यामुळे बॉटमची रेडिएशनने होणारी एनर्जी लॉस कमी होते, आणि मग टकरींनी होणारा लॉस दुर्लक्षून चालत नाही.

पायरी ८: डेटाचा ग्राफ वाचायला शिका

प्रयोगवाले आर-ए-ए नावाचं गुणोत्तर देतात. जड केंद्रकांच्या टकरीत मिळालेले कण, भागिले तेवढ्याच प्रोटॉन-प्रोटॉन टकरी सुट्या झाल्या असत्या तर मिळाले असते तेवढे कण. एक आलं तर काही झालं नाही. रिकवर सोन्याच्या मध्यवर्ती (अगदी समोरासमोरच्या) टकरीत पायॉन या कणांसाठी साधारण ०.२ आलं. हे माध्यमामुळेच कशावरून? २००३ मध्ये ड्युटेरॉन-सोनं टकरी मुद्दाम केल्या, प्लाझ्माचा तेवढा मोठा गोळा तयार होत नाही अशा, तिथे ती घट दिसली नाही. आणि रंग नसलेले थेट फोटॉन मोजले तर आर-ए-ए एकच्या आसपास. घट रंगवाल्यांचीच. एलएचसीवर नोव्हेंबर २०१० मध्ये शिसं-शिसं टकरी सुरू झाल्या आणि काही आठवड्यांतच तिथल्या अॅटलास प्रयोगाने एक जेट ठणठणीत आणि समोरचा अशक्त अशा घटना दाखवल्या, ब्योर्केन म्हणाले होते त्या धर्तीवर.

आता ०.२ म्हणजे ८० टक्के एनर्जी गेली का? नाही, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांकडून ऐकली आहे. मोमेंटम वाढलं की कणांची संख्या फार वेगाने घसरते, रिकवर साधारण सातव्या घाताने. त्यामुळे सगळे कण थोडेसे खाली सरकले तरी एका ठरावीक जागी संख्या धडाधड कमी होते. हिशोब करा: (१ + सरक भागिले मोमेंटम) याचा उणे सातवा घात म्हणजे ०.२. सोडवलं की कंसातलं १.२६ येतं. १० जीईव्हीला दिसणारा कण मुळात १२.६ चा होता, गेली फक्त विसेक टक्के. एलएचसीवर चार्ज्ड कणांचं आर-ए-ए ६-७ जीईव्हीला ०.१४ च्या आसपास सगळ्यात खाली जातं आणि मग मोमेंटमबरोबर वर चढतं. त्या चढणीत घसरणीचा घात किती आणि लॉस एनर्जीबरोबर किती बदलतो, दोन्ही मिसळलेलं असतं.

मग पायरी ५ मधले ८ जीईव्ही आणि इथले २.६ जुळत का नाहीत? एक तर ते विटेचे आकडे. दुसरं, जे कण आपल्याला दिसतात ते निवडलेले असतात: ज्यांनी कमी गमावलं तेच वरच्या मोमेंटमला उरतात. कडेला जन्मून बाहेरच्या बाजूला सुटलेले जास्त दिसतात, मध्यभागी जन्मलेले खाली सरकून गर्दीत हरवतात. सरासरी लॉस आणि वाचलेल्यांचा लॉस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हरवलेली एनर्जी जाते कुठे? एलएचसीवरच्याच सीएमएस प्रयोगाने २०११ मध्ये दाखवलं की ती जेटच्या अक्षापासून दूर, मोठ्या कोनांवर, लहान मोमेंटमच्या कणांत सापडते. सॉफ्ट ग्लुऑनचा फॉर्मेशन टाइम छोटा, ते माध्यमात लवकर जन्मतात, पुन्हा फुटतात, पुन्हा ढकलले जातात, आणि फेकले जातात लांब. पायरी २ परत वाचा, सगळं तिथेच आहे.

पायरी ९: थंड अणुकेंद्र विसरू नका

दाट पदार्थ म्हणजे फक्त प्लाझ्मा नाही. साधं अणुकेंद्रही दाटच असतं, एका घन फर्मीत ०.१६ न्यूक्लिऑन. हॅम्बर्गच्या हर्मीस प्रयोगात २७.६ जीईव्हीचे पॉझिट्रॉन नायट्रोजन, क्रिप्टॉन, झेनॉन अशा वायूंवर सोडले, ठोकर खाल्लेला क्वार्क अणुकेंद्रातून बाहेर येताना कण किती कमी होतात ते मोजलं. अणुकेंद्र जड तसे कण कमी, आणि क्वार्कला मिळालेली एनर्जी वाढली की परिणाम ओसरतो. इथला क्यू-हॅट प्लाझ्मापेक्षा कितीतरी लहान येतो. इथे माध्यम पसरत नाही, घनता माहीत आहे, म्हणून थिअरी तपासायला ही जागा जास्त स्वच्छ. एक अडचण आहे, कमी एनर्जीला हेड्रॉन (क्वार्क मिळून बनलेला कण) अणुकेंद्राच्या आतच तयार होऊन शोषला गेला की क्वार्कने एनर्जी गमावली हे वेगळं करणं कठीण जातं. ब्रुकहेवनला होऊ घातलेल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरवर जास्त एनर्जीला हे पुन्हा मोजता येईल.

पायरी १०: लॅपटॉपवर स्वतः चालवा

आधी कुठलंही मोठं पॅकेज उतरवू नका. पायथनमध्ये चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहा. सातव्या घाताने घसरणाऱ्या मोमेंटमचे दहा लाख पार्टॉन काढा, ७ फर्मी त्रिज्येच्या वर्तुळात प्रत्येकाला रँडम जागा आणि रँडम दिशा द्या, कडेपर्यंतचं अंतर काढा, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात एनर्जी वजा करा, आणि आधीच्या-नंतरच्या हिस्टोग्रामचं गुणोत्तर घ्या. हे तुमचं पहिलं आर-ए-ए. मग ज्यांचं अंतिम मोमेंटम १० च्या वर आहे त्यांच्या जन्मजागा वर्तुळात ठिपक्यांनी काढा आणि ठिपके कडेला कसे दाटतात ते डोळ्यांनी बघा. मग वर्ग काढून पहिला घात घाला, क्यू-हॅट जुळवून घ्या, आणि दोन्ही ग्राफ किती सारखे दिसतात ते पाहा, म्हणजे नुसत्या आर-ए-एवरून मॉडेल वेगळी करणं का जमत नाही ते पटेल.

त्यानंतर पायथिया हा सिम्युलेशन प्रोग्राम घ्या, प्रोटॉन-प्रोटॉन शॉवरसाठी, आणि जेट शोधायला फास्टजेट, त्यातला अँटी-के-टी अल्गोरिदम. पायथियात जड केंद्रकांच्या टकरींसाठी अँगँटिर आहे पण त्यात प्लाझ्मा नाही, त्यात क्वेंचिंग शोधत बसू नका. माध्यमातल्या शॉवरसाठी ज्युवेल किंवा जेटस्केप हे प्रोग्राम. खऱ्या घटनेत जेटच्या खाली इतर कणांची जी गर्दी असते ती एलएचसीवर एका जेटच्या क्षेत्रात १०० जीईव्हीच्या घरात जाऊ शकते, ती वजा करणं हा स्वतंत्र अभ्यास आहे, पहिल्या वर्षी त्यात शिरू नका. मोजलेल्या ग्राफचे आकडे एचईपीडेटा या साइटवर मोफत मिळतात, पेपर आर्काइव्ह (arXiv) साइटवर मोफत, त्यामुळे लातूरच्या नाहीतर सावंतवाडीच्या कॉलेजात बसूनही हे सगळं करता येतं. पुढे प्रत्यक्ष प्रयोगात जायचं असेल तर मुंबईतच आयआयटीचा गट अॅलिसमध्ये आहे आणि टीआयएफआरचा सीएमएसमध्ये.

शेवटचं काम देतो, हे ताजं आहे. जुलै २०२५ मध्ये एलएचसीवर पहिल्यांदाच ऑक्सिजन-ऑक्सिजन टकरी झाल्या, आणि सीएमएसने तिथेही कण कमी झालेले दाखवले. अणुकेंद्राची त्रिज्या १.२ फर्मी गुणिले वस्तुमानांकाचं घनमूळ धरा, शिशाला ७.१ येते, ऑक्सिजनला ३. तुमच्या प्रोग्राममध्ये ७ च्या जागी ३ घाला, शिशासाठी जुळवलेला क्यू-हॅट आधी तसाच ठेवा, मग कमी करून बघा. लांबीच्या वर्गाने आणि पहिल्या घाताने आलेली दोन उत्तरं आता एकमेकांपासून सुटलेली दिसतील, शिशात ती चिकटलेली होती. मग ३ फर्मीत कुठल्या एनर्जीचे ग्लुऑन सुटू शकतात ते पायरी ४ मधल्या ओमेगा-सीने काढा, आणि दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी वहीत चिकटवा.